कॉफी सोडल्याचा गुण

हिंदुराव सकाळी टेकडीवरून खाली आले ते निर्णय घेऊनच आले. दारात चपला काढता काढता त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं जाहीर केलं, "आजपासून या घरात कापी बंद."

त्यांच्या पत्नी आनंदीबाई गॅसपाशी उभ्या होत्या. मागं न बघताच त्यांनी विचारलं, "आणि चहा?"

"चहाचं काय त्यात? चहा येगळा."

"कसा काय वेगळा?"

"ते दीनानाथरावांना इचार. त्यांनी समदं वाचलंय."

आनंदीबाईंना हसू आलं, पण कॉफीचा डबा त्यांनी उचलून वरच्या फळीवर ठेवला. आदल्या दिवशी मंडईत जे झालं त्याची धास्ती त्यांच्याही मनात होती. घेवड्याच्या शेंगा निवडताना एकाएकी छातीत अशी धडधड सुरू झाली की हातातली पिशवी खाली ठेवून त्या भाजीवालीच्या पोत्यावरच बसल्या. तिनं पाणी दिलं, पदरानं वारा घातला. थोड्या वेळानं बरं वाटलं. घरी आल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं, आणि विजयमालानं त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

कोथरूडमधले हे डॉक्टर घरातलेच म्हणायचे. पण पावसाळ्याचे दिवस होते, तापाच्या पेशंटची रांग दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली होती. त्यांनी रक्तदाब पाहिला, कार्डिओग्राम काढला. ठोके जलद होते, बाकी वावगं काही दिसत नव्हतं.

"कॉफी घेता?"

"घेते. दोन कप. गुरुवारी तीन."

"गुरुवारी तीन का?"

"मैत्रिणीकडे जाते."

डॉक्टर हसले. "महिनाभर सोडून बघा. बहुतेक त्यानंच होत असावं. महिन्यानं या परत."

डॉक्टरांचं ते 'बहुतेक' दवाखान्यातून घरी येईपर्यंत वाटेतच गळून पडलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ही हकीकत टेकडीवर दीनानाथरावांच्या कानावर गेली, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही.

दीनानाथराव हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ते ज्या सोसायटीत राहत, ती हिंदुरावांच्याच जुन्या शेतावर उभी होती. तिथं पूर्वी ज्वारी असायची. हिंदुराव त्यांच्या बिल्डिंगला अजूनही 'विहिरीपासला तुकडा' म्हणत, आणि दीनानाथरावांना त्याचं वाईट वाटत नसे. रोज पहाटे दोघं बरोबर टेकडी चढत. दीनानाथराव बोलत, हिंदुराव ऐकत. कॉफी हा दीनानाथरावांचा खास विषय होता. झोप, हाडं, जठर, हृदय... कॉफी ज्याचं वाटोळं करत नाही असा एकही अवयव त्यांना माणसाच्या शरीरात सापडलेला नव्हता. त्यावर ते ठिकठिकाणी व्याख्यानंही देत.

तर अशी कॉफी बंद झाली.

खरं म्हणजे गावठाणातल्या शेतकऱ्याच्या घरात कॉफी यायचं काही कारण नव्हतं. कॉफी म्हणजे लग्नातली, जायफळ घातलेली, दाट दुधाची. एरवी चहा. पण आनंदीबाई या घरातल्या पहिल्या शिकलेल्या सूनबाई. मॅट्रिक होऊन, शिक्षिकेचा कोर्स करून त्या शनिवार पेठेतल्या कॉर्पोरेशनच्या शाळेत लागल्या. इमारत एकच होती, सकाळी मराठी शाळा भरायची आणि दुपारी उर्दू. बाराला आनंदीबाईंचा वर्ग सुटे, आणि त्याच वर्गात, त्याच खुर्चीवर हमीदाबाई येऊन बसत. पहिल्याच आठवड्यात फळा कुणी पुसायचा यावरून दोघींचं वाजलं.

"सकाळच्या बाईंनी आपल्या वेलांट्या आपण पुसून जाव्यात," हमीदाबाई म्हणाल्या.

"आणि दुपारच्या बाईंनी आमचे खडू संपवू नयेत," आनंदीबाईंनी ऐकवलं.

मग एके दिवशी बसचा संप झाला. आनंदीबाई कोथरूडला जायचं कसं म्हणून वर्गातच अडकून बसल्या होत्या. हमीदाबाईंनी आपला थर्मास उघडला आणि त्याच्या झाकणात कॉफी ओतून पुढे केली. हमीदाबाईंचं माहेर हुबळीचं. पितळी फिल्टरमधून थेंब थेंब पडलेली ती कॉफी होती, कडवट, गरम, वरून बेताचं दूध. आनंदीबाईंनी पहिला घोट कसाबसा गिळला. दुसरा बरा लागला. तिसऱ्या घोटाला त्यांनी विचारलं, "बाई, ही करतात कशी?"

त्यानंतर रोजच हे होऊ लागलं. एकीचा दिवस संपलेला असे, दुसरीचा सुरू व्हायचा असे, आणि मध्ये मुलं मैदानात ओरडत असताना त्या दोघी बाकावर बसून कॉफी पीत. सासूचं आजारपण, मुलांच्या परीक्षा, हमीदाबाईंचे यजमान गेले तेव्हाचे ते दिवस, सगळं त्या बाकावर बोलून झालं. इतकी वर्षं गेली, पण एकमेकींना त्या 'बाई' म्हणत राहिल्या, आणि अहो-जाहोही सुटलं नाही. निवृत्त झाल्यावर शाळा गेली, बाक गेला, मग गुरुवार ठरला. आनंदीबाई दुपारी बसनं मंडईला उतरत, भाजी घेत आणि भवानी पेठेत हमीदाबाईंकडे जात.

कॉफी बंद झाल्यावरच्या गुरुवारी त्या नेहमीसारख्या गेल्या. हमीदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लिंबाचं सरबत केलं. दोन पेले.

"तुम्ही घ्या ना कॉफी," आनंदीबाई म्हणाल्या.

"एकटीनं काय प्यायची."

पितळी फिल्टर धुऊन रॅकमध्ये पालथा घातलेला होता. आनंदीबाईंची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. सरबत दोन मिनिटांत संपलं. कॉफी गरम असते, फुंकर मारत प्यावी लागते, म्हणून तिच्याबरोबर बोलणं लांबतं, हे दोघींच्या तेव्हा लक्षात आलं असावं. अर्ध्या तासात आनंदीबाई उठल्या. पुढच्या गुरुवारी हमीदाबाईंनी सकाळपासून बदाम भिजवून, वाटून, आटवून दूध केलं होतं. आनंदीबाईंच्या मनाला ते फारच लागलं. आपल्या पथ्यापायी हिनं स्वतःची कॉफी बंद ठेवली, वर हा खटाटोप. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी फोन करून पाहुणे आल्याचं सांगितलं. पाहुणे आले नव्हते.

त्यानंतर मात्र खोटं बोलायची वेळच आली नाही, कारण त्यांना खरोखरच थकवा येऊ लागला. बसमध्ये चढायचं म्हटलं तरी मांड्या भरून येत. हमीदाबाईंचा दोनदा फोन आला. एकदा विजयमालानं घेतला आणि "आई झोपल्यात" म्हणून ठेवला. आनंदीबाईंनी उलट फोन करायचा ठरवलं. आज करू, उद्या करू, असं करता करता दिवाळी आली नि गेली.

आता कॉफी सोडल्याचा गुण आला नाही असं म्हणता यायचं नाही. पहिले काही दिवस डोकं ठणकलं, पण मग धडधड जराशी कमी झाली. त्यामुळे डॉक्टरांकडे परत जायचं कुणाला सुचलंच नाही. बरं झालेल्या माणसानं डॉक्टरकडे कशाला जायचं? शिवाय वजन उतरू लागलं. विजयमाला शिवणाच्या मशीनवर त्यांची पोलकी आत घेऊन घेऊन दमली.

"आई, पुन्हा दोन बोटं आत घेतलीत. तुम्ही तर कॉलेजकुमारी व्हायला लागलात."

सोसायटीतल्या बायका थांबवून विचारत, काय केलंत हो? हिंदुराव परस्पर उत्तर देत, "कापी सोडली, बाकी काय नाय." त्यांच्या आवाजात मालकी असे. आनंदीबाईंना मात्र आपल्या अंगात काहीतरी घाई भरून राहिल्यासारखं वाटे. भूक अशी लागे की भाकरी तव्यावरून उतरायची वाट बघवत नसे. थंडीत सगळे शाल घेऊन बसत तेव्हा त्या पंखा लावत. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी नव्या चष्म्याला दोष दिला. झोप उडाली होती, आणि बारीकसारीक गोष्टींवरून त्या विजयमालावर ओरडत. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटे. साठी ओलांडली की असं होत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

जानेवारीत निवृत्त शिक्षकांचं स्नेहसंमेलन होतं, शनिवार पेठेतल्या एका सभागृहात. त्यात आरोग्यावर व्याख्यान द्यायला दीनानाथरावांना बोलावलं होतं. ते घरी आले आणि नेहमीच्या अदबीनं म्हणाले, "वहिनी, माझं कुणी ऐकत नाही. लोक म्हणतात, हा इंजिनिअर, याला काय कळतं. आपण शिक्षिका, त्यांच्यातल्याच. आपण फक्त दोन शब्द सांगा. अनुभवाचे."

आनंदीबाईंना नाही म्हणवेना. हिंदुरावांनी तर त्या दिवसासाठी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

सभागृह भरलं होतं. दीनानाथराव तासभर बोलले, आणि मग त्यांनी आनंदीबाईंना पुढे बोलावलं. आयुष्यभर वर्गापुढे उभ्या राहिलेल्या बाईला भाषणाची भीती नव्हती. तरी माईक हातात घेतला तेव्हा तो इतका थरथरू लागला की लाउडस्पीकरमधून खरखर ऐकू आली. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला.

"मी कॉफी सोडली," त्या म्हणाल्या. "धडधड कमी झाली. वजन उतरलं. एवढंच."

टाळ्या पडल्या. खाली बघताना शेवटून दुसऱ्या रांगेत त्यांना हमीदाबाई दिसल्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. डोळे बारीक करून, फळ्यावरचं चुकलेलं गणित बघावं तसं त्या आनंदीबाईंकडे बघत होत्या. आनंदीबाईंनी नजर काढून घेतली. त्यांना वाटलं, ही रागावलीय. रागावणारच.

कार्यक्रम संपल्यावर बटाटेवडे होते, आणि वक्त्यांचा मान राखून कॉफीऐवजी कोकमाचं सरबत. आनंदीबाई पेला घेऊन भिंतीशी उभ्या होत्या तेवढ्यात हमीदाबाई गर्दीतून वाट काढत सरळ समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अगं आनंदी, हे काय करून घेतलंयस?"

आनंदीबाई दचकल्या. आजवर त्या तोंडून 'अगं' आलं नव्हतं.

"काय केलं? कॉफी सोडली."

"कॉफी सोडल्यानं डोळे असे बाहेर येत नाहीत. हात पुढे कर. दोन्ही. बोटं पसर."

आनंदीबाईंनी शाळेतल्या मुलीसारखे हात पुढे केले. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती.

"झोप लागते?"

"नाही."

"भूक?"

"राक्षसासारखी."

"आणि तरी वाळत चाललीस. आमच्या आपाचं, थोरल्या बहिणीचं, अगदी असंच झालं होतं. तिच्याही घरचे म्हणायचे, छान बारीक झाली. मग एक दिवस चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं. इथे, गळ्यात दोष होता." त्यांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवलं.

दीनानाथराव जवळच होते. ते पुढे आले. "बाई, काळजी करू नका. शरीरातलं विष बाहेर पडताना असा थोडा त्रास होतो."

हमीदाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "पावसाळ्यापासून पडतंय. केवढं साठवलं होतं हिनं?"

दीनानाथराव वड्यांच्या टेबलाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदाबाई रिक्षानं कोथरूडला हजर झाल्या. हिंदुराव ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी खुर्ची दिली, विजयमालाला पाणी आणायला सांगितलं. हमीदाबाईंनी पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना डॉक्टरकडे न्यायचंय. आत्ता."

"डॉक्टरनंच तर सांगितलं व्हतं कापी सोडायला."

"महिनाभर सोडून बघा, असं सांगितलं होतं. बरोबर? आणि महिन्यानं परत या म्हणाले होते. गेलात?"

हिंदुराव आनंदीबाईंकडे बघू लागले. आनंदीबाई विजयमालाकडे. कुणीच गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी दारातून आत येणाऱ्या आनंदीबाईंना पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी गळ्याला हात लावून पाहिला, थुंकी गिळायला सांगितली, नाडी धरली.

"तुम्ही महिन्यानं यायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "पण तेवढंच म्हणून भागणार नाही. रक्त मी पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं. गर्दी होती, आणि कॉफीचं कारण हाताशी मिळालं."

रिपोर्ट आला तेव्हा हमीदाबाईंचा अंदाज खरा निघाला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत होती आणि त्यामुळे सगळं शरीरच धावत सुटलं होतं. हृदय, पोट, हात, झोप, स्वभावसुद्धा. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. आणखी उशीर झाला असता तर हृदयावर बेतलं असतं, असं ते म्हणाले.

हिंदुरावांना मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. त्यांनी घरच्या डॉक्टरांना विचारलंच. "मंग हे कापीनं झालं न्हाई?"

"नाही."

"मंग उगंच सोडली?"

"उगंच नाही. आधीच धावणारं हृदय, त्यात कॉफी म्हणजे आणखी हाकणं. म्हणून तर सोडल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यानंच आपण सगळे फसलो."

"आवो पण चांगली का वाईट, ते एक काय ते सांगा की."

डॉक्टर हसले. "तुमच्या शेताला पाणी चांगलं की वाईट? कुठल्या पिकाला, किती आणि कधी, ते विचारल्याशिवाय तुम्ही सांगाल का? ठणठणीत माणसानं दोन कप घेतले तर मी काही बोलणार नाही. ह्यांनी सध्या घ्यायची नाही. पुढचं पुढे बघू."

हिंदुरावांना ते पटलं. निदान पाण्याचं तरी पटलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर दोघी मैत्रिणी मागच्या अंगणात बसल्या. हमीदाबाई पुन्हा अहो-जाहोवर आल्या होत्या.

"बाई, कॉफी नको होती तर नको म्हणायचं. यायचं का सोडलंत?"

आनंदीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माझ्यासाठी तुम्ही तुमची बंद ठेवलीत. ते बदाम वाटत बसलात. मला बघवेना."

"म्हणून तोंडच दाखवायचं नाही?"

"नंतर खरंच दमत होते हो."

"मला काय माहीत? भर दुपारी फोन केला, तर म्हणे आई झोपल्यात. जी बाई जन्मात दुपारी आडवी झाली नाही ती! मी म्हटलं, टाळतायत. म्हटलं, नोकरी होती तोवर मैत्री होती, आता घर, सूनबाई, सोसायटीतल्या बायका." हमीदाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मलाही बसमध्ये बसून येता आलं असतं. अभिमान आडवा आला."

आनंदीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हल्ली ते कशानंही येई, पण हे निराळं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

गोळ्यांनी हळूहळू काम केलं. हात स्थिर झाले, रात्रीची झोप परत आली, विजयमालानं पोलक्यांच्या शिवणी उसवून पुन्हा सैल केल्या आणि या वेळी कुणी काही बोललं नाही. पण दीनानाथराव टेकडीवर यायचे बंद झाले. हिंदुराव दोनदा त्यांच्या फाटकाशी जाऊन परत आले. आत जाऊन बोलायचं काय, हे त्यांना कळेना. शेवटी एका सकाळी आनंदीबाई स्वतः त्यांच्याकडे गेल्या.

दीनानाथरावांनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले. "या. आपण माझ्यावर रागावला असाल."

"नाही रागावले. मला एक विचारायचंय. तुमचा कॉफीवर एवढा राग का?"

ते खुर्चीत बसले. खिडकीतून खाली लहान मुलं सायकली फिरवताना दिसत होती.

"माझे मोठे भाऊ," ते म्हणाले, "सकाळी कॉफी पिता पिता गेले. कप हातातच होता. मी समोर बसलो होतो. पन्नाशी नुकतीच उलटली होती त्यांची. त्या दिवसापासून मी थेंब घेतला नाही."

"आधी त्यांना काही त्रास होता का?"

"आमच्या वहिनी नंतर म्हणाल्या, महिनाभर छातीत दुखत होतं. कुणाला सांगितलं नाही." ते घुटमळले. "मलाही अधूनमधून धडधडतं. जिने चढताना दम लागतो. दर वेळी मी मनात म्हणतो, निदान मी कॉफी तर घेत नाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

दीनानाथराव उठून खिडकी लावू लागले. दुनियेला आरोग्य शिकवणारा हा माणूस आजवर डॉक्टरची पायरी चढला नव्हता, हे आनंदीबाईंना तेव्हा उमगलं. त्यांना त्याचं हसू आलं नाही. मंडईत पोत्यावर बसल्या होत्या तेव्हाची आपली भीती त्यांना आठवली. तिला काहीतरी नाव मिळालं, कॉफीचं का होईना, म्हणून केवढं हायसं वाटलं होतं!

"उद्या सकाळी हे येतील तुम्हाला न्यायला," त्या उठताना म्हणाल्या. "उपाशीपोटी राहा. रक्त देऊनच या."

दीनानाथराव गेले. हिंदुराव बरोबर होते, आणि डॉक्टर तपासत असताना बाहेरच्या बाकावर ते एकटेच घामाघूम होऊन बसले होते. हृदय ठीक निघालं. रक्तदाब मात्र भलताच वाढलेला होता, आणि तो आजचा नव्हता. गोळ्या मिळाल्या, मीठ कमी करायला सांगितलं. बाहेर आल्यावर दीनानाथरावांनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचून खिशात ठेवली. मग म्हणाले, "हिंदुराव, मीठ कमी म्हणजे लोणचंही बंद का हो?"

"ते मला नका इचारू," हिंदुराव म्हणाले. "आजपासून मी कुणाचं कायबी बंद करणार न्हाई."

दोघं पुन्हा टेकडीवर जाऊ लागले, जरा हळू चालीनं. कॉफीवरचं व्याख्यान दीनानाथरावांनी नंतर दिलं नाही. एका मंडळानं आग्रह केला तेव्हा ते गेले, आणि बहुतेक वेळ रक्तदाब तपासून घ्या एवढंच सांगत राहिले. लोकांना ते फारसं रंगलं नाही, असं हिंदुराव म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाला रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी आनंदीबाईंना एक कप घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. त्या गुरुवारी त्या बसनं मंडईला उतरल्या, वाटेत मोगऱ्याचा गजरा घेतला आणि भवानी पेठेत गेल्या. हमीदाबाईंनी फिल्टर लावला. दोघी स्वयंपाकघरातच बसून राहिल्या.

पहिला घोट घेतला आणि आनंदीबाईंनी तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"कडू आहे हो."

"पूर्वीपासून तशीच आहे."

आनंदीबाईंनी आणखी दोन घोट घेतले. इतके महिने जिच्यासाठी जीव तुटत होता, ती आता नुसतीच एक कडवट, गरम गोष्ट लागत होती. त्यांना थोडं वाईट वाटलं, आणि थोडी गंमतही. अर्धा कप त्यांनी बाजूला सारला. हमीदाबाईंनी आपला संपवून तो उरलेलाही ओढून घेतला आणि बोलणं कुठे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं. आपाच्या नातीचं लग्न ठरलं होतं, हुबळीला, मे महिन्यात.

"बाई, चला माझ्याबरोबर. रेल्वेनं जाऊ. आपाला तुम्हाला बघायचंय, तुमच्याबद्दल मी तिला इतकं सांगितलंय."

"बघते. घरी विचारते."

"विचारू नका. सांगा."

आनंदीबाई हसल्या. एवढ्या लांब, घरचं कुणी बरोबर नसताना, त्या कधी गेल्या नव्हत्या. गोळ्या किती न्याव्या लागतील, नवी साडी घ्यावी की विजयमालाची मागावी, हुबळीला मे महिन्यात ऊन किती असेल, असं सगळं त्यांच्या मनात येऊ लागलं.

"तुमच्या आपा मराठी बोलतात का हो?" त्यांनी विचारलं.

"मोडकं. पण ऐकतेच कुठे ती? तिचीच बडबड चालते."

"मग जमेल आमचं," आनंदीबाई म्हणाल्या, आणि परतीच्या बसची वेळ होऊन गेली तरी लग्नात कोण कोण येणार हे विचारत बसून राहिल्या.